मोटारीचे पोट आणि रस्त्याची पाठ

काळ्या रानात चालणारी जुनी बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची लाकडी चाके आठवत असतील. ती माणसाच्या छातीला लागतील एवढी मोठी असत आणि त्यामुळे गाडीचा आख जमिनीपासून चांगला दीड हात उंच राही. ही उंची शोभेसाठी नव्हती. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की भालकी, औराद, आळंद या बाजूंची काळी माती लोण्यासारखी मऊ होते, चाक तिच्यात वीतभर शिरते, आणि गाडी एकदा आखापर्यंत रुतली म्हणजे बैलांचा जोर संपतो. गाडीचे पोट आणि रस्त्याची पाठ यांत किती अंतर असावयास हवे, हे त्या गाडीच्या बांध्यावरूनच दिसून येई.

त्याच शिवारातून आता डांबरी रस्ते गेले आहेत. बैलगाड्यांची जागा मोटारींनी घेतली आहे आणि मोटारीबरोबर एक नवी हौसही आली आहे. ती हौस म्हणजे गाडी खाली आणण्याची. चाक आणि मडगार्ड यांच्यामधील मोकळी जागा भरून जावी, गाडी रस्त्याला बिलगून चालल्यासारखी दिसावी, यासाठी तरुण मंडळी हैदराबादहून, सोलापुराहून, पुण्याहून सामान आणवितात आणि आपल्या गावच्या गॅरेजात ते बसवून घेतात. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु या हौसेचे मोल कधी गाडीच्या चेंबरला, कधी ब्रेकला, तर कधी मागच्या बाकावर विश्वासाने बसलेल्या माणसांना द्यावे लागते. म्हणून तिच्याकडे केवळ पोरखेळ म्हणून न पाहता ती काय आहे, कोठवर चालेल आणि कोठे थांबावयास हवे, हे नीट पाहणे इष्ट आहे.

प्रथम हौसेच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगणे न्यायाचे होईल. गाडी वळणावर वळते तेव्हा तिचे वजन आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकते. हे सरकणे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे यावर अवलंबून असते. तो खाली आला तर सरकणारे वजन कमी होते आणि चारही चाके रस्त्याला अधिक समान धरतात. शर्यतीच्या गाड्या जमिनीलगत असतात त्या याच कारणाने. पण हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर उंचीवर आहे आणि गाडी ३० मिलिमीटरने खाली आणली. सरकणाऱ्या वजनात सुमारे साडेपाच टक्क्यांची घट झाली. शर्यतीत सेकंदाचा शंभरावा भाग मोजणाऱ्याला एवढे पुष्कळ आहे; हुमनाबादहून कलबुर्गीला बाजारहाटासाठी जाणाऱ्याला ते कळणारही नाही. शिवाय लहान मोटारींच्या पुढील चाकांची रचना अशी असते की, गाडी खाली आणली म्हणजे ती ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली उतरतो. स्प्रिंग जुनीच मऊ राहिली तर अशी गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी उलट जास्तच कलते. खाली आणलेली गाडी आपोआपच अधिक स्थिर होते, हा समज निम्माच खरा आहे.

आता यंत्राकडे वळू. ज्या ॲम्बॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तिला मागे पोलादी पाट्यांच्या कमानी असत आणि पुढे पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्या असत. गुंडाळलेली स्प्रिंग तिच्यात नव्हतीच. फोर्ड कंपनीतील अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात सगळेच शॉकअप म्हणतात, ही दोन्ही एकाच उभ्या खांबात बसविण्याची रचना केली. १९५० साली इंग्लंडात लोकांपुढे आलेल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती होती, आणि १९८३ च्या डिसेंबरात भारतातील रस्त्यांवर उतरलेल्या मारुती ८०० मध्येही पुढच्या बाजूला तीच होती. आज खेड्यापाड्यांतून दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हाच खांब उभा आहे. त्यातील दोन अवयवांची कामे वेगळी आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. वजन पेलते ती स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग सुटल्यावर गाडीला वरखाली नाचवू पाहते, त्या नाचाला आवर घालतो तो शॉकअप. आत तेल असते आणि ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना स्प्रिंगचा जोर जिरतो.

कॉइलओव्हर म्हणतात ती वस्तू याच खांबाची सुधारलेली आवृत्ती आहे. शॉकअपच्या नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्या आट्यांवर एक कडे फिरते आणि स्प्रिंग त्या कड्यावर बसते. कडे खाली फिरविले की गाडी खाली, वर फिरविले की गाडी वर. खालून दुसरे कडे आवळावयाचे असते. ते चेकनटाचे काम करते. यात आणखी एक भेद आहे आणि विकत घेणाऱ्याने तो दुकानदाराला अवश्य विचारावा. एका प्रकारात उंची बदलण्यासाठी केवळ हे कडेच असते. अशा जोडीत गाडी जितकी खाली आणावी तितका शॉकअपचा दांडा आत जातो आणि दचका घेण्यासाठी उरलेली चाल कमी होते. दुसऱ्या प्रकारात खालचा पाया वेगळ्या आट्यांवर फिरतो; तेथे स्प्रिंगला न हलविता सगळा खांबच आखूड करता येतो, म्हणून शॉकअपची चाल शाबूत राहते. तथापि दुकानात यापुढचे सांगत नाहीत. चाल वाचली तरी जागा वाचत नाही. चाक मडगार्डच्या आत तेवढेच वर येते आणि गाडीचे पोट रस्त्याच्या तेवढेच जवळ जाते.

या सामानाला पैसे पडतात, आणि तेथेच खरा धोका सुरू होतो. पैसे वाचविण्यासाठी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकण्याची युक्ती सर्वत्र प्रसिद्ध आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते. खोल खड्ड्यात चाक खाली लोंबले की ती आपल्या बैठकीतून सैल होते आणि चाक पुन्हा वर येताना वेडीवाकडी बसते. त्याहूनही वाईट म्हणजे गॅसची ज्योत लावून स्प्रिंग खाली बसविणे. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते ते या आगीत नाहीसे होते. त्यानंतर ती दररोज थोडी थोडी खचत जाते आणि एखाद्या दिवशी तुटते. हातोडीने विळा वाकवून धार काढणारा लोहारसुद्धा पाणी दिलेल्या पात्याला पुन्हा विनाकारण भट्टीत घालीत नाही. ज्या गॅरेजात असे काम हसतखेळत केले जाते, तेथून गाडी परत न्यावी हेच बरे.

आता रस्ता. बिदर शहर जांभ्याच्या तांबड्या पठारावर वसले आहे. तेथील जमीन कठीण, पाणी निचरणारी. पण पठारावरून खाली उतरले की काळी माती लागते, ती भालकीकडे, बसवकल्याणकडे, आळंदकडे आणि पुढे कलबुर्गीपर्यंत साथ सोडीत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षानुवर्षे हे फुगणे-आकसणे चालू राहिले म्हणजे तिच्यावरील डांबरी रस्त्यावर लांब लांब लाटा उठतात आणि कडा खचतात. लाट डोळ्यांना दिसतही नाही, इतकी ती पसरट असते. पण समजा, एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत २० मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, धावते आहे. प्रत्येक सेकंदाला एक हेलकावा मिळाला. साधारण मोटारीचा आपल्या स्प्रिंगवर वरखाली होण्याचा स्वाभाविक वेगही सेकंदाला एक ते दीड वेळा एवढाच असतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या झोक्याने झोपाळा चढत जातो; तसे येथे होते. शॉकअप थकलेला असेल तर तिसऱ्या-चौथ्या लाटेवर गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते, आणि खाली आणलेली असेल तर पहिल्या-दुसऱ्यावरच.

लाटांपेक्षा गतिरोधकांची चिंता अधिक. भारतीय रस्ते महासभेने घालून दिलेल्या प्रमाणाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावयास हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. ज्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे, ती अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली म्हणजे चारही चाके उतारावर असतात आणि माथा पोटाच्या खाली येतो. गणित केल्यास तो माथा चाकांच्या पातळीपेक्षा सुमारे ४६ मिलिमीटर वर येतो. गाडीच्या पोटाखाली रिकामी असताना १७० मिलिमीटर जागा असेल तर कसलीच अडचण नाही. आता तीच गाडी ५० मिलिमीटरने खाली आणली. उरले १२०. लग्नाला निघालेली पाच माणसे आणि त्यांच्या पेट्या तिच्यात बसल्या. मागील प्रत्येक चाकावर शंभर किलो वाढले आणि स्प्रिंग मिलिमीटरमागे अडीच किलो घेणारी असली तर मागची बाजू ४० मिलिमीटर खाली बसली. तिकडे उरले ८०. त्यातून गतिरोधकाचे ४६ वजा केले म्हणजे ३४ मिलिमीटर, दोन बोटांहूनही कमी. गाडी मुंगीच्या पावलाने नेली तर निघेल. किंचित उसळी घेतली की घासेल.

आणि हा झाला प्रमाणशीर गतिरोधक. गावातल्या लोकांनी शाळेपुढे, देवळापुढे किंवा दर्ग्यापुढे आपल्या मुलाबाळांच्या काळजीने एका रात्रीत घातलेला, बांधासारखा अरुंद उंचवटा कोणत्याही पुस्तकातल्या मापाचा नसतो. तो दोन्ही चाकांच्या मध्ये संपूर्ण मावतो, म्हणून त्याची सगळीच उंची पोटाखाली येते. तो सुमारे पाच इंच, म्हणजे १२५ मिलिमीटर उंच असला, तर भरलेली मूळ उंचीची गाडीही जेमतेम पाच मिलिमीटर राखून जाईल. खाली आणलेल्या गाडीचे काय होईल ते सांगावयास नको. त्या उंचवट्याला दोष देणे सोपे आहे, परंतु भरधाव गाड्यांच्या भयाने तो घालणाऱ्या आईबापांची बाजूही समजून घ्यावयास हवी. इंजिनाच्या तळाचे चेंबर अशा ठिकाणी फुटले तर तेल रस्त्यावर सांडते. चालकाच्या ध्यानात दिवा येण्यापूर्वीच इंजिन जखडले म्हणजे दुरुस्तीचा खर्च त्या सुंदर कॉइलओव्हरच्या किमतीहून अधिक होऊन बसतो.

काढणीच्या दिवसांत आणखी एक प्रसंग या भागात येतो. तूर, सोयाबीन, ज्वारी यांची मळणी वाहनांच्या चाकांखाली व्हावी म्हणून कित्येक शेतकरी ती रस्त्यावर पसरतात. रस्त्याचे खळे करणे कायद्याला धरून नाही हे खरे; परंतु ते होते. उंच गाडी त्यावरून निघून जाते. खालच्या गाडीच्या पोटात ती वाळली धाटे अडकतात, फिरणाऱ्या दांड्यांना गुंडाळली जातात आणि तापलेल्या धुराच्या नळीला टेकतात. वाळल्या काडाला पेटावयास याहून अधिक काही लागत नाही. अशा ठिकाणी खाली आणलेल्या गाडीच्या चालकाने थांबून बाजूने वाट काढावी, आणि चुकून वरून जावेच लागले तर पुढे लगेच उतरून खाली वाकून पाहावे.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने, नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. गाडीची उंची नोंदणीपत्रात लिहिलेली नसते, म्हणून ती कायद्याबाहेर आहे, असा युक्तिवाद गॅरेजांतून ऐकू येतो. त्यावर विसंबून राहू नये. परिवहन कार्यालयात आधी अर्ज करून लेखी मंजुरी घ्यावी आणि विमा कंपनीलाही तसे लिहून कळवावे. अपघातानंतर भरपाईचा प्रश्न निघतो तेव्हा न सांगितलेला बदल फार महाग पडतो. शिवाय सीमेवरच्या गाडीला दोन राज्यांचे रस्ते तुडवावे लागतात. केए-३८ किंवा केए-३२ क्रमांकाची गाडी सकाळी उदगीरला आणि सायंकाळी उमरग्याला असते. घरच्या नाक्यावरचा ओळखीचा शिपाई सर्वत्र भेटत नाही.

ज्याने ही मंजुरी मिळविली, ज्याला रस्त्याची कल्पना आहे आणि तरीही गाडी थोडी खाली हवी आहे, त्याने काम नीट करावे. थोडी म्हणजे किती? या रस्त्यांवर २० ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाणे शहाणपणाचे नाही. कड्यावर आटे आणखी पुष्कळ उरलेले असतात आणि दुकानातील कागदावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. ते गुळगुळीत रस्त्यांच्या देशासाठी छापलेले असतात.

काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागा हवी. या भागात तिला तोटा नाही. शहाबादच्या फरशीचे अंगण किंवा गोदाम जवळपास सापडतेच. तरीही डोळ्यांवर भरवसा न ठेवता गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चार चाकांच्या चार जागा एका पातळीत आहेत की नाहीत, ते पाहावे. टायरमध्ये हवा ठरलेल्या मापाची असावी. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण झिजलेल्या आणि नव्या टायरमुळे ते माप फसविते. ही चार मूळ मापे म्हणजे परत फिरण्याची वाट होय; ती हरवली की गाडी मुळात कोठे होती हे कोणालाच सांगता येत नाही.

गाडी उचलताना जॅक हा केवळ उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नव्हे. उचललेली गाडी लोखंडी घोड्यांवर ठेवावी आणि तिला हाताने हलवून पाहावे. मगच खाली हात घालावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारी माणसे प्राणाला मुकल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात आणि तरी जो तो हे काम घाईने करतो. जुना खांब उघडताना दुसरा तितकाच मोठा धोका असतो. चाक हवेत असले तरी खांबातील स्प्रिंग दाबलेलीच असते. खांबाच्या माथ्यावरचा नट तशाच स्थितीत उघडला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते; हात, जबडा, डोळा, काहीही तिच्या वाटेत येऊ शकते. स्प्रिंग दाबण्याचे शिकंजे दोन्ही बाजूंनी सारखे आवळून, नटावरचा भार पूर्ण गेल्याची खात्री करून, तोंड बाजूला ठेवूनच नट सोडावा. दोर किंवा तार बांधून भागविणारा मिस्त्री कितीही हुशार असो, त्याच्या हाती हे काम देऊ नये.

नवा खांब बसविताना स्प्रिंग कड्यावर नुसती ठेवलेली असून चालत नाही. चाक पूर्ण लोंबकळले असताही ती सैल पडू नये, इतपत ताण तिच्यात हवा. दचका अडविणारा रबरी ठोकळा दांड्यावर असतो. तो नव्या मापाप्रमाणे योग्य लांबीचा असावा, पण काढून टाकू नये. तो काढला तर लोखंडावर लोखंड आपटते आणि शॉकअपचे पोट फुटते. आट्यांतील अंतर दोन मिलिमीटर असेल तर कड्याचे पाच फेरे म्हणजे दहा मिलिमीटर. फेरे मोजूनच द्यावेत आणि दोन्ही बाजूंना सारखे द्यावेत. मागच्या बाजूला मात्र हा हिशेब सरळ नसतो. बहुतेक लहान गाड्यांत तेथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात आणि स्प्रिंग चाकाच्या अगदी वर नसून दांड्याच्या मधोमध बसविलेली असते. म्हणून स्प्रिंगपाशी दहा मिलिमीटर बदलले की चाकापाशी त्याहून अधिक बदलते. मागे थोडे फिरवावे, मोजावे, पुन्हा थोडे फिरवावे.

मोजण्यातही एक मेख आहे. घोड्यांवरून नुकतीच उतरविलेली गाडी खरी उंची दाखवीत नाही; चाके आत ओढलेली असतात आणि गाडी उगाच उंच उभी असते. तिला चार-पाच मीटर पुढे, पुन्हा मागे लोटावे, बॉनेट आणि डिकी दाबून हलवावी, आणि मगच टेप लावावा. चालकाच्या बाजूला त्याच्या वजनाइतके पोते ठेवून मोजले तर अधिक चांगले. एक कोपरा पाच-सहा मिलिमीटर वर राहिला तर काय होते, असे पुष्कळांना वाटते. बाजेचा एक पाय लांब असला म्हणजे ती त्या पायावर आणि समोरच्या तिरक्या पायावर उभी राहते, बाकीचे दोन नुसते टेकलेले असतात. गाडीचेही तसेच होते. दिसावयास ती सरळ दिसते, पण ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला की हलक्या टेकलेल्या चाकाची पकड सुटते आणि गाडी एका बाजूला ओढते.

लोअर आर्मचे रबरी बुश ज्या बोल्टांनी धरलेले असतात, ते बोल्ट शेवटपर्यंत आवळावयाचे तेव्हा गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. चाके हवेत लोंबत असताना ते आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. ही चूक चांगल्या गॅरेजांतूनही होते, कारण गाडी उचललेली असताना पाना सहज पोहोचतो. ब्रेकचा रबरी पाइप, चाकाजवळची विजेची तार, लिंक रॉड, एक्सलचे सांधे यांना चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहावे. कोठेही ताण किंवा घासणे नको. चाकांचे नट ठरलेल्या जोराने, टॉर्क पान्यानेच आवळावेत.

एवढे झाले म्हणजे काम संपले, असे समजून कित्येक जण गाडी घेऊन थेट गाणगापूरच्या दत्ताला निघतात. दर्शन जरूर घ्यावे, पण आधी व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की चाकाचा उभा कल बदलतो आणि चाकांची नाके आत किंवा बाहेर वळतात. कलामुळे टायरची आतली कड हळूहळू खाल्ली जाते. नाके वळल्यामुळे तोच टायर पाहता पाहता खरवडून निघतो. दिव्यांचे झोत पुन्हा लावून घ्यावेत. मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली गेली असेल तर ते झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात, आणि उसाच्या ट्रॉल्या रात्री ज्या रस्त्याने एकामागून एक येतात तेथे डोळे दिपणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

जुन्या गाडीच्या बाबतीत ब्रेकचा एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला किती जोर द्यावयाचा हे ठरविणारा एक झडपेचा तुकडा मागच्या एक्सलला काडीने जोडलेला असतो. एक्सल आणि गाडीचा सांगाडा यांतील अंतर कमी झाले की, गाडी भरलेली आहे असे तो समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर पाठवितो. गाडी खाली आणली म्हणजे ती रिकामी असतानाही हे अंतर कमीच राहते. अशा गाडीत एकटा चालक अचानक ब्रेक दाबतो तेव्हा मागची चाके आधी जखडतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ज्या गाडीत असा तुकडा आहे तिची काडी नव्या उंचीप्रमाणे लावून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर आणणे म्हणजे जीवाशी खेळ आहे.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांनंतर नवी स्प्रिंग थोडी बसते. तेव्हा चारही मापे पुन्हा घ्यावीत, चेकनट पुन्हा आवळावेत, आणि मग घरची सगळी माणसे व नेहमीचे सामान गाडीत बसवून ओळखीच्या गतिरोधकावरून ती सावकाश न्यावी. एकाने बाहेर उभे राहून खाली पाहावे. ही परीक्षा रिकाम्या गाडीने देण्यात अर्थ नाही.

पुढची निगा या मातीच्या स्वभावावर ठरते. काळा चिखल आट्यांत शिरून वाळला की दगडासारखा होतो आणि कडे जाम बसते. मग छिन्नी-हातोडी येते आणि आटे जातात. आठवड्या-पंधरवड्याला साध्या पाण्याने आटे धुवावेत, कोरडे करावेत, वर कापडी किंवा रबरी मोजा चढवावा. फिरविण्यासाठी या कड्यांचा खास आकड्याचा पाना वापरावा. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हात खराब रस्त्यावर दीर्घकाळ धावल्यावर शॉकअपमधील तेल पातळ होते आणि आवर कमी पडतो. गाडी हेलकावे अधिक घेऊ लागली तर वेग उतरवावा. नळकांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर जोडीतील दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत.

आटे फिरविता येतात याचा खरा लाभ गाडी पुन्हा वर घेण्यात आहे, आणि तो लाभ घेणारे फार थोडे असतात. मृग लागण्यापूर्वी, शेतातल्या वाटांनी जाणे-येणे वाढण्यापूर्वी, गाडी मूळ मापावर आणावी आणि अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी. कोणत्या तारखेला कोणत्या कोपऱ्याला किती फेरे दिले, हे बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटविलेल्या कागदावर लिहून ठेवले, तर पुढच्या मिस्त्रीला, आणि गाडी विकली तर ती घेणाऱ्यालाही, अंदाजाने पाना लावावा लागत नाही.